उभी गाडी आणि लाल चावी

मंडळी, आमच्या अंगणातल्या गाडीचं बॉनेट उघडलं की बॅटरीच्या शेजारी एक लाल चावी दिसते. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाएवढी, प्लास्टिकची. ती फिरवली की बॅटरीचा आणि गाडीचा संबंध तुटतो, उलटी फिरवली की पुन्हा जुळतो. गल्लीतली पोरं विचारतात, "सर, हे काय बसवलंय?" एकानं तर गावभर सांगितलं की गुरुजींनी गाडी चोरीला जाऊ नये म्हणून इंजिनाला कुलूप घातलंय.

कुलूप नाही हो. बाजारात याला कट-ऑफ स्विच म्हणतात. मोठ्या बसला, ट्रकला तो बहुतेक असतोच. किंमत काही शे रुपये. माझं मत विचाराल तर जी गाडी आठवडे-आठवडे एका जागी उभी राहते, तिला हा स्विच हवाच. पण तो बसवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. त्या प्रश्नासाठीच आज लिहायला बसलोय. मी तो विचारला नव्हता आणि माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली.

सुरुवात झाली ती आमच्या झरीतच. झरी म्हणजे परभणी-जिंतूर रस्त्यावरचं आमचं गाव. नातेवाइकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगितलं. २०२२ सालचा पावसाळा होता. रात्री दोनच्या सुमाराला सौ.ला दम्याचा झटका आला. पंप घेतला, वाफ दिली, उपयोग होईना. बोलताना दोन शब्दांच्या मध्ये श्वास अडकायला लागला तेव्हा मी गाडीची किल्ली घेऊन बाहेर धावलो. किल्ली फिरवली. टक-टक-टक, एवढाच आवाज. हॉर्न दाबला तर तोही मांजरानं म्यॅव करावं तसा. गाडी दहा-बारा दिवस उभीच होती. पावसामुळं कुठं जाणं झालं नव्हतं.

शेजारी उठले, चिखलात धक्का मारून झाला. जुन्या जीपसारखी धक्क्यावर सुरू होईल अशी आशा होती. पण हल्लीच्या गाडीत इंजिनापर्यंत पेट्रोल पोचवायला विजेचाच पंप असतो. बॅटरी साफ उतरलेली असली तर कितीही ढकला, ती ढिम्म! शेवटी परभणीच्या बाजाराला भाजी न्यायला निघालेली एक पिकअप मिळाली. तिच्यात पुढच्या सीटवर सौ.ला बसवलं, मी मागं टोमॅटोच्या कॅरेटवर. दवाखान्यात पोचलो, ऑक्सिजन लागला, सकाळपर्यंत ती सावरली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "अर्धा-पाऊण तास आधी यायला हवं होतं." तो पाऊण तास आमच्या अंगणात गेला होता.

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी घातली. सगळे म्हणाले, जुनी खराब झाली असेल. मीही तेच म्हणालो. आणि तीन महिन्यांनी नवी बॅटरीसुद्धा उतरली! पुन्हा सगळे म्हणाले, बॅटरीच डुप्लिकेट दिली. बॅटरीतली वीज पितंय कोण, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, पोरांना "कारण द्या" असे प्रश्न घातले, पण मलाही तो सुचला नाही.

त्याचं उत्तर मला झरीत मिळालं नाही. मिळालं ते अमेरिकेत, मिशिगन राज्यात, धाकट्याच्या घरामागच्या अंगणात.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडं तीन महिने राहिलो. त्यानं गाडीच्या मागं जोडायचं एक घर घेतलं होतं. आपल्याकडं ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात ना, तसंच. फक्त या ट्रॉलीत दोन पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, संडास, सगळं असतं. तिकडं त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. असली बहुतेक घरं शेजारच्या इंडियाना राज्यात, एल्कहार्ट गावच्या परिसरातल्या कारखान्यांत बनतात. आपल्याकडंही महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा हे प्रकरण आपल्या रस्त्यांवरही अगदीच अनोळखी राहणार नाही. मला मात्र ते पहिल्यांदा बघून ऊसतोडीच्या गाड्या आठवल्या. त्यातही माणसं आपला संसार घेऊनच निघतात. एक जण हौस म्हणून निघतो, दुसरा पोटासाठी. असो, तो विषय वेगळा.

तर या घराला बॅटरी असते. दिवे, पाण्याचा पंप, पंखा तिच्यावर चालतात. पण हे घर वर्षातले सात महिने नुसतं उभं असतं. मिशिगनमध्ये नोव्हेंबरपासून बर्फ. तेवढ्या काळात धाकट्याच्या दोन बॅटऱ्या मेल्या होत्या. एकीचं तर अंग फुगून तडकलं होतं. कारण साधं आहे. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नास अंशालाही गोठत नाही. बॅटरी उतरत गेली की आम्ल पातळ होत होत पाण्याच्या जवळ जातं आणि उणे सात-आठ अंशालाच गोठू शकतं. गोठलं की फुगतं. आपल्याकडं थंडीची भीती नाही, पण परभणीचा मे महिना आहेच की! उन्हात बॅटरी आपली आपणच लवकर उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो. मग ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही. म्हणजे थंडी असो की ऊन, उपाशी ठेवलेली बॅटरी वाचत नाही.

मी धाकट्याला म्हणालो, "अरे, पण सगळे दिवे तर बंद असतात ना?"

तो म्हणाला, "अण्णा, बंद असतात असं आपल्याला वाटतं."

त्यानं मीटर आणलं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, तार आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडलं. ट्रेलरमधलं एकूण एक बटण बंद होतं. तरी मीटरवर आकडा आला ०.३ अँपिअर. कोण पीत होतं? गॅसगळती ओळखणारा एक छोटा डबा, रेडिओचं घड्याळ, फ्रिजच्या आतलं सर्किट. प्रत्येकाचा घोट बारीक, पण दिवसरात्र चालू.

मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी माध्यमातून. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे. विज्ञान माझा विषय नव्हे, पण एवढं गणित मला येतं. ०.३ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-तास. बॅटरी ८० ची. भागाकार करा, अकरा दिवसांत खडखडाट! सात महिन्यांची गोष्टच सोडा. हे गणित मांडलं आणि मला एकदम आमच्या अंगणातली ती रात्र आठवली. ती गाडीसुद्धा दहा-बारा दिवसच उभी होती.

धाकट्यानं कट-ऑफ स्विच आणून ठेवलेला होताच. एका रविवारी आम्ही तो बसवायला घेतला. तो, मी आणि पाने द्यायला सात वर्षांचा नातू.

काम अवघड नाही, पण काही गोष्टी पाळायच्या असतात. कुणी घरी करणार असेल तर लक्षात ठेवा. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं. तार सोडताना आधी निगेटिव्ह सोडायची, जोडताना ती सगळ्यात शेवटी जोडायची. कारण गाडीचा सगळा सांगाडा हाच निगेटिव्ह असतो. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून पत्र्याला टेकला तर ठिणग्या उडतात, पाना लाल होतो. अंगठी मध्ये सापडली तर बोट जातं. तारेच्या टोकाला थिंबल घट्ट दाबून बसवायचं, ढिलं राहिलं तर तापतं. स्विच जेवढा विद्युतप्रवाह पेलतो तो त्याच्यावर लिहिलेला असतो, तो वाचूनच घ्यायचा.

आणखी एक फसवी गोष्ट तिथं कळली. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, लाल म्हणजे पॉझिटिव्ह, काळी म्हणजे निगेटिव्ह. त्या ट्रेलरमध्ये काळी तार पॉझिटिव्ह होती आणि पांढरी निगेटिव्ह! तिकडं घरगुती वायरिंगच्या धर्तीवर तसे रंग वापरतात म्हणे. म्हणून रंगावर जायचं नाही, बॅटरीवर कोरलेली अधिक-उणेची खूण बघायची. नातू मोठ्यानं "प्लस! मायनस!" ओरडून खात्री करून देत होता.

आता माझी चूक सांगतो. धाकटा म्हणत होता, स्विच पॉझिटिव्हवर बसवू. मी म्हणालो, "छे, निगेटिव्हवर बसव. आमच्याकडं ट्रॅक्टरचे मिस्त्री तसंच करतात. एकच तार तोडायची, सगळं बंद. भानगड नाही." बाप सांगतोय म्हटल्यावर त्यानं ऐकलं. मराठी घरातली पोरं साता समुद्रापलीकडं गेली तरी कधीकधी नको तिथं ऐकतात. स्विच निगेटिव्हवर बसला. फिरवला, मीटर लावलं, आकडा शून्य. मी खूश.

तेवढ्यात कुंपणापलीकडचे म्हातारबाबा आले. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, तेही निवृत्त, आयुष्यभर अशी घरं ओढत हिंडलेले. त्यांनी स्विच पाहिला, मान डोलावली आणि काही न बोलता ट्रेलरच्या पुढच्या दांडीपाशी गेले. तिथं एका छोट्या डबीतून बारीक पोलादी तार बाहेर आली होती. आमचा स्विच बंद होता. त्यांनी ती तार ओढली, टोकाची पिन निघून हातात आली. मग वाकून चाकापाशी कान नेला. आणि धाकट्याला म्हणाले, "काहीच आवाज नाही."

धाकट्याचा चेहरा उतरला. मला काही कळेना. मग त्यानं समजावलं.

ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असतात. ती पोलादी तार पुढच्या गाडीला अडकवलेली असते. समजा हमरस्त्यावर जोड निखळला आणि ट्रेलर सुटला, तर तार ताणली जाते, पिन निघते आणि त्याच क्षणी ट्रेलरच्या बॅटरीतली वीज थेट ब्रेकला मिळते. दीड-दोन टनांचं घर जागच्या जागी थांबायला लागतं. पिन ओढल्यावर चाकातून बारीक गूं असा आवाज आला पाहिजे, तो ब्रेकच्या चुंबकांचा. मी निगेटिव्हच तोडून टाकल्यामुळं ही वीजही तुटली होती. कुणी स्विच चालू करायला विसरून ट्रेलर रस्त्यावर काढला असता, तर आणीबाणीचा ब्रेक असून नसल्यासारखा. रस्त्यावर गाडी चालली की पुढच्या गाडीकडून दिव्यांना वीज मिळते, त्यामुळं मागचे दिवे लागलेलेच दिसले असते. म्हणजे चूक कळायलाही मार्ग नाही. मागून येणाऱ्या कुणाच्या तरी गाडीत कुणाची तरी नातवंडं असणारच की.

त्या संध्याकाळी आम्ही सगळं सोडून पुन्हा बसवलं. स्विच पॉझिटिव्हवर. घराकडं जाणारी जाड तार स्विचमधून नेली. पण ब्रेकच्या डबीची पॉझिटिव्ह तार सरळ बॅटरीला, स्विच मध्ये न आणता. छपरावर छोटा सौर पॅनल होता, त्याच्या कंट्रोलरची तारही सरळ बॅटरीला, म्हणजे घर बंद असतानाही बॅटरी थोडी थोडी भरत राहील. मग स्विच बंद करून पिन ओढली. नातवानं चाकाला कान लावला आणि ओरडला, "आजोबा, आवाज येतोय!" पिन लगेच परत घातली. ती फार वेळ काढून ठेवायची नसते, चुंबक तापतात.

म्हातारबाबांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. गॅस ओळखणारा तो डबा जमिनीलगत असतो, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. लाल चावी बंद केली की तो डबाही बॅटरीवरून तुटतो. बाहेरची वीज जोडलेली असेल तर त्याच्यावर चालेल, पण ती रात्री गेली तर डबा गपचूप बंद. म्हणून आत माणूस झोपणार असेल त्या रात्री चावी चालूच ठेवायची.

तर मंडळी, तो प्रश्न हा. स्विच बसवण्याआधी विचारायचं, यातलं काय कधीच बंद होता कामा नये? बाकी काम मिस्त्री करतो. हा प्रश्न मात्र मिस्त्री विचारत नाही, स्विचच्या खोक्यावरही तो छापलेला नसतो. तो वाहन वापरणाऱ्यानंच विचारायचा.

झरीला परत आल्यावर पहिलं काम केलं ते मीटर विकत आणण्याचं. गावातल्या वायरमनला बोलावलं आणि मिशिगनमध्ये पाहिलं तसं जोडायला लावलं. गाडी कुलूपबंद, किल्ली माझ्या खिशात. आकडा आला ०.१८. उभ्या गाडीनं साधारण ०.०२ ते ०.०५ एवढंच प्यावं. मग एकेक फ्यूज काढत गेलो. शेवटी चोर सापडला. भाच्यानं मोठ्या प्रेमानं बसवून दिलेला काचेवरचा कॅमेरा! त्याची तार त्यानं सरळ बॅटरीवरून घेतली होती, किल्लीवरून नाही. ०.१८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ४.३. आमची बॅटरी ३५ ची. आठ दिवसांत रिकामी. भाच्याला मी काही बोललो नाही, पण तो हे वाचेलच.

कॅमेऱ्याची तार किल्लीवर घेतली, आकडा ०.०३ वर आला. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की आधी चोर शोधा, मग स्विच बसवा. चोर घरात ठेवून नुसती चावी बसवली तर गाडी वापरात असताना तो पीतच राहतो.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? रोज सकाळी पाच मिनिटं गाडी सुरू करून ठेवायची. मीही तेच करत होतो! पण एकदा सेल्फ मारायला बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं पाच मिनिटं उभ्या उभ्या इंजिन फिरवून परत भरून येईलच असं नाही. उलट रोज थोडं थोडं कमी होत जातं. आठवड्यातून एकदा जिंतूरपर्यंत जाऊन या, ते खरं भरणं. चार्जरही मिळतो, पण आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही.

स्विचच्या विरुद्ध जे बोलतात त्यांचंही ऐकलं पाहिजे. चावी बंद केली की घड्याळ मागं जातं, रेडिओची स्टेशनं पुसली जातात, चोरघंटा असेल तर तीही मुकी होते. कंपनीची वॉरंटी चालू असेल तर आधी विचारून घ्यावं. रोज चालणाऱ्या गाडीला तर याची गरजच नाही. पण आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या गाड्या किती चालतात हो? गावोगाव अशा गाड्या उभ्या आहेत. पोरांनी घेऊन दिलेल्या. अडीअडचणीला असाव्यात म्हणून. आणि अडचण येते तेव्हाच त्या सुरू होत नाहीत. गाडी विकणारानं अशा गिऱ्हाइकाला दहा मिनिटं बसवून हे समजावून सांगायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. सीट कव्हर आणि देवाची मूर्ती फुकट देतात, त्याऐवजी हा एक स्विच दिला तर म्हाताऱ्यांचे आशीर्वाद मिळतील.

आमच्या गाडीला स्विच निगेटिव्हवर बसवला आहे. इथं ब्रेकच्या वेगळ्या तारेचा प्रश्न नाही, त्यामुळं झरीच्या मिस्त्रीची रीत बरोबर आहे. जिथली तिथं. पण मिशिगनचा प्रश्न मी इथंही विचारला. काय बंद होता कामा नये? आमच्या बाबतीत उत्तर एकच, रात्री दोन वाजता गाडी. तशा वेळी हात थरथरत असतात, बॉनेट उघडून चावी फिरवायची कुणाला आठवण राहणार? आणि मी नसलो, शेजारचा पोरगा गाडी काढायला आला, तर त्याला काय ठाऊक? म्हणून आमच्या घरात नियम केला. आम्ही दोघं झरीत आहोत तोवर चावी चालू. लेकीकडं पुण्याला पंधरा दिवस, महिनाभर गेलो की बंद. निघताना करायच्या गोष्टींची यादी सौ.नं दाराच्या मागं चिकटवली आहे. गॅस, नळ, देवघरातला दिवा, आणि खाली माझ्या अक्षरात, लाल चावी. परत आल्यावर करायच्या गोष्टींची यादी वेगळी आहे, तिच्यात लाल चावी पहिली.

मागच्या महिन्यात पुण्याहून परतलो. रात्रीचे अकरा वाजले होते, लाईट गेलेली, प्रवासानं अंग आंबलेलं. मी पिशव्या ओसरीवर टाकल्या आणि म्हणालो, "आधी घोटभर चहा टाक, गाडीचं सकाळी बघू." सौ. काही बोलली नाही. मोबाईलचा उजेड धरून ती सरळ गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

मी बॉनेट उघडलं, चावी फिरवली, एकदा सेल्फ मारला. गाडी सुरू झाली. मग चहा झाला.